नऊ गोल्डफिश की पंधरा छोटे मासे? नेरूळच्या एका घरातल्या दोन फुटी टाकीचं प्रकरण

नेरूळच्या एका सिडको सोसायटीतलं हे घर. पहिल्या मजल्यावरचं वन बीएचके, माणसं पाच: काका, काकू, मुलगा, सून आणि चौथीतली नात. काका ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून निवृत्त झालेले. शेजारच्या कुटुंबाची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली रिकामी फिश टँक स्टँडसकट यांच्याकडे देऊन टाकली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. मासे आणायचे हे सगळ्यांना मान्य होतं. किती आणायचे, यावर मात्र घरात रोज रात्री जेवताना चर्चा चालायची, आणि शेवटी सुनेने मला बोलावलं. "ताई, तुमच्याकडे इतकी वर्षं टाक्या आहेत. तुम्हीच येऊन काय तो आकडा सांगा."

मासे आणायच्या आधी कुणी हा प्रश्न विचारला की मला फार बरं वाटतं. एरवी विचारणा होते ती पाणी दुधासारखं झाल्यावर, किंवा मासे सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागल्यावर. जास्त भरलेल्या टाकीत मासा पहिल्या दिवशी मरत नाही. तो कित्येक महिने कसाबसा जगतो, आणि ते बघणाऱ्याला कळतही नाही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहावंसं वाटलं.

घरातली मतं

काकूंना नऊ गोल्डफिश हवे होते. आठ केशरी आणि एक काळा. ही कल्पना मूळची फेंगशुईची, पण आपल्याकडे ती वास्तूच्या सल्ल्यात केव्हाच मिसळून गेली आहे. घरावर येणारं संकट काळा मासा स्वतःवर घेतो असं मानतात. काकूंच्या बहिणीकडे ठाण्याला अशीच टाकी आहे.

मुलाने इंटरनेटवरचा नियम काढला होता: एका गॅलनला एक इंच मासा. टाकीचं माप गुणलं तर सत्तर लिटर येतात, म्हणजे साधारण साडेअठरा गॅलन. दुकानातला गोल्डफिश दोन इंचाचा. नऊ गुणिले दोन, अठरा. आईचा आकडा नियमात चपखल बसतोय म्हटल्यावर तो खूश होता.

नातीला गप्पी हवे होते. रंगीत शेपट्या, शिवाय त्यांना पिल्लं होतात. दुकानदाराचं म्हणणं सगळ्यात सोपं होतं: पंचवीस-तीस मासे आरामात राहतील, फक्त फिल्टर मोठा लावा.

काका गप्प बसून ऐकत होते. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "या टाकीत पाणी नक्की किती मावतं?" सुरुवात करायला याहून चांगला प्रश्न नव्हता.

पाणी किती, आणि बदलणार किती

आम्ही टाकी रिकामीच जागेवर ठेवली, खाली वाळूचा थर दिला, दोन दगड आणि एक लाकूड मांडलं. मग काकांनी मापाच्या भांड्याने पंधरा लिटरची बादली मोजून घेतली आणि तिने टाकी भरली. वरून दीड इंच मोकळं सोडलं. तीन बादल्या पूर्ण आणि वर तीन लिटर. सत्तर लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी 48 लिटर. वाळू, दगड, काचेची जाडी आणि वरची मोकळी जागा यांत जवळजवळ एक तृतीयांश गेलं. बाहेरून माप घेऊन केलेला कुठलाही हिशोब इथेच चुकतो. मुलाच्या नियमातले साडेअठरा गॅलन एका झटक्यात पावणेतेरावर आले.

त्यानंतर मी विचारलं, पाणी कोण बदलणार? सगळ्यांनी काकांकडे बघितलं. त्यांचे गुडघे दुखतात, भरलेली बादली ते उचलू शकत नाहीत. मुलगा महापेला शिफ्टमध्ये, सुनेची सकाळची शाळा. शेवटी असं ठरलं की दर रविवारी काका अर्ध्या बादल्या, म्हणजे आठ-आठ लिटरच्या दोन, स्वतः बदलतील. सोळा लिटर. एकूण पाण्याचा बरोब्बर तिसरा हिस्सा.

मुलगा म्हणाला, जास्तही बदलू कधी कधी. मी ते हिशोबात धरलं नाही. टाकी भरताना जो उत्साह असतो तो जुलैच्या रविवारी नसतो. मे महिन्यात जलवाहिनीचं काम निघून पाणी बंद असतं, सोसायटीची टाकी धुवायची असते, पाहुणे येतात. जे पाणी गुडघेदुखी असलेला माणूस वर्षभर न चुकता बदलू शकतो, त्यावरच माशांची संख्या ठरायला हवी. माझ्या लेखी या प्रकरणाचा निर्णय तिथेच अर्धा झाला होता. टाकी किती मोठी आहे यापेक्षा दर आठवड्याला किती पाणी खरोखर बदललं जाणार आहे, यावर मासे किती हे ठरतं.

खाद्यापासून उलटा हिशोब

काका लॅबमधले असल्याने पुढचा भाग आम्ही दोघांनी कागदावर केला, आणि तो मी सविस्तर देते, कारण कुठल्याही टाकीला तो लागू पडतो.

मासा खातो त्यातला बराचसा नायट्रोजन तो कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. अमोनिया विषारी. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. पण नायट्रेटनंतर पुढे काही होत नाही, ते साठत जातं. थोडं झाडं घेतात, उरलेलं आपण बादलीने काढतो तेवढंच. मोठा फिल्टर लावला तर अमोनियाचं नायट्रेट लवकर आणि खात्रीने होईल, पण ते टाकीतच राहील. दुकानदाराच्या सल्ल्यात नेमकी हीच गोष्ट राहून गेली होती.

आता आकडे. माशांच्या दाण्यांत साधारण 40 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनात 16 टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम दाण्यांत 64 मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला काही माशाच्या अंगी लागतो. आम्ही 45 मिलिग्रॅम पाण्यात येतो असं धरलं. नायट्रेटच्या रूपात त्याचं वजन 4.43 पट होतं, म्हणजे जवळपास 200 मिलिग्रॅम. 48 लिटरमध्ये ते पसरलं की सुमारे 4 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 4 मिलिग्रॅम. थोडक्यात, या टाकीत टाकलेला प्रत्येक ग्रॅम दाणा नायट्रेट 4 पीपीएमने वाढवतो.

दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदललं की तिसरा हिस्सा नायट्रेट जातं. आठवड्यात जेवढी भर पडते तेवढंच रविवारी बाहेर जायला लागलं की आकडा स्थिरावतो. तो स्थिरावतो आठवड्याच्या भरीच्या तिप्पट उंचीवर. मासे पाळणाऱ्यांमध्ये नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली ठेवण्याचा संकेत आहे. आम्ही कमाल 30 धरलं. तीसचा तिसरा हिस्सा दहा. म्हणजे आठवड्याला 10 पीपीएमची भर चालेल, म्हणजे आठवड्याला अडीच ग्रॅम दाणे. संपूर्ण टाकीसाठी, सात दिवसांचे मिळून, अडीच ग्रॅम.

काकांनी या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. काकू म्हणाल्या, "एवढंसं? एवढ्यात कुणाचं पोट भरणार?" आणि मग आपोआपच गोल्डफिशचा विषय निघाला.

नऊ गोल्डफिशचं काय होईल

दुकानातला दोन इंची गोल्डफिश चार एक ग्रॅमचा असतो. नऊ मिळून 36 ग्रॅम. लहान मासा रोज वजनाच्या दोन टक्के खातो असं धरलं तर दिवसाला 0.7 ग्रॅम, आठवड्याला पाच ग्रॅम. नायट्रेटची भर 20 पीपीएम, आणि आकडा साठवर जाऊन स्थिरावणार. म्हणजे मासे अजून लहान असतानाच मर्यादेच्या दुप्पट.

पण गोल्डफिश दोन इंचाचा राहत नाही. नीट वाढला तर गोल अंगाचा, दुहेरी शेपटीचा गोल्डफिशसुद्धा पाच-सहा इंचांचा होतो. लांबी तिप्पट झाली की वजन तिप्पट होत नाही, तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे 27 पट होतं. इंचांचा नियम इथे कोसळतो, कारण तो लांबी मोजतो आणि पाणी घाण होतं ते वजनाने. एक मासा 50 ग्रॅमचा झाला असं कमीत कमी धरलं, आणि मोठा मासा वजनाच्या एकच टक्का खातो असंही धरलं, तरी नऊ माशांना आठवड्याला 31 ग्रॅम दाणे लागतील. नायट्रेटची भर आठवड्याला सव्वाशे पीपीएम. ते तीसच्या आत ठेवायचं तर काकांना दर आठवड्याला अख्खी टाकी चार-पाच वेळा रिकामी करावी लागेल.

मग मी एकाच पूर्ण वाढलेल्या गोल्डफिशचा हिशोब करून दाखवला. आठवड्याला साडेतीन ग्रॅम दाणे, 14 पीपीएम भर, आकडा 42 वर स्थिर. या टाकीत, या दोन बादल्यांवर, एक गोल्डफिशसुद्धा जास्त होतो.

आपल्या हवेचाही प्रश्न आहे. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, 18 ते 24 अंशांत सुखी. नेरूळच्या घरात मे महिन्यात टाकीचं पाणी तीसच्या आसपास राहतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. आणि गरम पाण्यात माशाची गरज उलट वाढते. दिवसभर एअर पंप चालू असेल तर हे जाणवत नाही. वीज गेली की जाणवतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. त्या दिवशी ज्या टाक्यांत मासे कमी होते त्या निभावल्या. भरलेल्या टाक्यांपाशी लोक मगाने पाणी वर-खाली ओतत बसले होते.

नवी मुंबईला पाणी मोरबे धरणाचं. काकांच्या नळाच्या पाण्याचा केएच पट्टीवर चार अंश आला, म्हणजे पाण्याची आम्ल शोषून घेण्याची ताकद बेताची. अमोनियाचं नायट्रेट होताना ही ताकद खर्च होत जाते. मासे जास्त असतील तर ती आठवड्याच्या आतच संपते, पीएच घसरतो आणि मग फिल्टरमधले जिवाणूच मंदावतात. मासे जास्त झाले की पाणी हळूहळू बिघडतं असं आपण समजतो. मऊ पाण्यात ते बरेच दिवस ठीक दिसतं आणि मग दोन-तीन दिवसांत कोसळतं.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचा हट्ट नव्हता, त्यांना काळजी होती. त्या म्हणाल्या, "मग ते बिचारे माझ्या ताईकडे कसे जगतात?" खरं उत्तर असं की त्यांच्या ताईकडे नऊ मासे असतात, पण तेच नऊ नसतात. एक गेला की दुसरा आणतात. काळा गेला की संकट टळलं असं समजतात. गोल्डफिशचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. वर्षभरात बदलावा लागणारा मासा आजाराने गेलेला नसतो, त्याला जागा पुरलेली नसते. हे मी काकूंना सांगितलं, जरा जपून, कारण बहिणीच्या घराबद्दल होतं.

गप्पी का नाही

गप्पी वजनाने हलके, नर तर पाव ग्रॅमच्या आसपास. हिशोबात ते छान बसतात. अडचण अशी की त्यांचा आकडा आपल्या हातात राहत नाही. मादी महिन्याभराने पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस सहज, आणि एकदा नराजवळ राहिली की पुढचे काही महिने नराशिवायही देत राहते. नुसते नर ठेवता येतात, पण दुकानातल्या घाईत पिशवीत एक मादी आली तरी गणित मोडतं. नातीला वाईट वाटलं. तिला मी सांगितलं की पिल्लं झाली तर ती द्यायची कुणाला हे आधी ठरवावं लागेल. तिने वर्गातल्या मैत्रिणींची यादी केली, आणि त्यातल्या कुणाकडेच टाकी नाही हे तिच्याच लक्षात आलं.

आकडा कसा ठरला

अडीच ग्रॅमच्या मर्यादेत, 25 ते 31 अंशांत हिटरशिवाय राहणारे, दोन फुटांत पोहायला अपुरं पडणार नाही असे, आणि घरातल्या नातीला बघायला मजा येईल असे मासे हवे होते. मी झेब्रा डॅनिओ सुचवला. हा आपल्याच भागातला मासा, भारत-बांगलादेशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत राहणारा, त्यामुळे ऊन-पावसाचे चढउतार त्याला नवीन नाहीत. दीड इंच लांब, वजन अर्धा-पाऊण ग्रॅम. तो थव्याने राहतो. सहापेक्षा कमी असले तर एकमेकांना टोचत बसतात, आठ-दहा असले की छान एकत्र फिरतात. अंडी टाकतो आणि बहुतेक स्वतःच खाऊन टाकतो, त्यामुळे संख्या वाढत नाही.

आणि या माशाची सोनेरी जातही दुकानात मिळते. गोल्डन झेब्रा. जात एकच असल्याने निळ्या पट्ट्यांच्या झेब्र्यासोबत तो एकाच थव्यात राहतो. मी काकूंना म्हटलं, आठ सोनेरी आणि एक गडद पट्ट्यांचा आणूया. थव्याला आठ-दहा हवेतच, नऊ अगदी योग्य आकडा आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ही मी त्यांची समजूत काढली असं कुणी समजू नये. त्यांच्या श्रद्धेला संख्या महत्त्वाची होती आणि टाकीला वजन, आणि दोन्ही एकत्र बसत होतं. मग का नको?

नऊ डॅनिओ म्हणजे साडेपाच ग्रॅम. त्यांच्यासोबत चेरी बार्ब सहा, प्रत्येकी एक ग्रॅम धरून सहा ग्रॅम. हे शांत, खालच्या-मधल्या थरात, झाडांच्या आडोशाला राहणारे. नर लालभडक होतात, म्हणजे नातीचा रंगाचाही प्रश्न सुटला. एकूण पंधरा मासे, साडेअकरा ग्रॅम. दोन टक्क्यांनी रोजचं खाणं पाव ग्रॅमच्या आत.

अडीच ग्रॅमच्या हिशोबात सतरा-अठरा ग्रॅमचे मासे बसले असते. मुलगा म्हणाला, मग अजून पाच-सहा घेऊ की. ती जागा मी मुद्दाम मोकळी सोडायला लावली. मे महिना, वीज जाणं, एखादा चुकलेला रविवार, हातून जास्त पडलेले दाणे, हे सगळं त्या मोकळ्या जागेतूनच भागतं.

चिमटीचं वजन

कागदावरचा पाव ग्रॅम हातात किती, हे बघायला काकांनी सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा मागवला. एका चिमटीचं वजन नीट लागत नाही म्हणून दहा चिमट्या एकत्र तोलल्या. काकांच्या दहा चिमट्या तीन ग्रॅम, म्हणजे एक चिमूट 0.3. नातीच्या दहा चिमट्या मात्र सात ग्रॅम भरल्या, कारण ती चिमटीत मावतील तेवढे दाणे प्रेमाने दाबून घेते. दिवसातून दोनदा तिने घातले असते तर आठवड्याला जवळजवळ दहा ग्रॅम झाले असते, अडीचच्या जागी.

उपाय काकूंनी काढला. त्यांच्याकडे औषधाच्या गोळ्यांची जुनी डबी होती, सात खणांची, प्रत्येक खणावर वार. दर रविवारी काका त्यात 0.3 ग्रॅमप्रमाणे सहा खण भरतात. गुरुवारचा खण रिकामा. काकूंचा गुरुवारचा उपास असतो, त्यांनीच तो माशांनाही लावला. आठवड्यातून एक दिवस खाणं न देणं माशांना चांगलंच असतं. रोज संध्याकाळी नात त्या त्या वाराचा खण उघडून टाकीत रिकामा करते. घालायचा आनंद तिचा, माप काकांचं. आठवड्याला 1.8 ग्रॅम, नायट्रेटची भर सात-साडेसात, स्थिर आकडा बाविसच्या आसपास. असं काकांनी वहीत आधीच लिहून ठेवलं, प्रत्यक्ष काय येतं ते ताडून बघायला.

टाकी सुरू करताना

हे थोडक्यात सांगते. जानेवारीत टाकीत पाणी, फिल्टर, झाडं. मासे नाहीत. माझ्या चालू टाकीतला फिल्टरचा एक जुना स्पंज यांच्या फिल्टरमध्ये घातला आणि त्यावरच्या जिवाणूंना अमोनिया मिळून ते वाढावेत म्हणून रोज चिमूटभर दाणे कुजायला टाकले. अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट चढलं. नात रोज विचारायची, "आज आणायचे?" नायट्राइट शून्य होईपर्यंत पाच आठवडे गेले. पहिल्यांदा फक्त नऊ डॅनिओ आणले. तिसऱ्या दिवशी अमोनिया 0.25 दिसला, पुढच्या दोन दिवसांत पुन्हा शून्य. तीन आठवडे सगळं शून्यावर राहिल्यावर चेरी बार्ब आले. पंधरा मासे एकदम आणले असते तर तो 0.25 बराच वर गेला असता.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते घालवायचे थेंब बादलीतच टाकायचे. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर टाकी धुण्याची तारीख लागली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं नाही, कारण ब्लीचिंग पावडरचा अंश राहतो. ही नोटीस बघायची जबाबदारी सुनेने घेतली.

पुढचे महिने

एप्रिलपासून रविवारी पाणी बदलण्याआधीचं नायट्रेट 10 आणि 20 यांच्या मधल्या रंगावर स्थिरावलं. काकांच्या अंदाजापेक्षा थोडं कमी. उरलेलं झाडांनी घेतलं, व्हॅलिस्नेरिया तोवर काचेला टेकेपर्यंत वाढली होती.

मे महिन्यात पाणी 31 अंशांवर गेलं. उकाडा म्हणून कुणीतरी वरचं झाकण अर्धं सरकवून ठेवलं आणि एक गोल्डन झेब्रा उडी मारून स्टँडमागे पडला. डॅनिओ उड्या मारतात, झाकण उघडं ठेवायचं तर वर जाळी लागते. आता प्लॅस्टिकची बारीक जाळी बसवली आहे. काकूंनी नववा आणायला सांगितला आणि तो आणला, कारण जागा होती.

खरी परीक्षा जुलैत झाली. नातीच्या वाढदिवसाला तिचा मामा ठाण्याहून पिशवीत दोन "शार्क" घेऊन आला. चार-चार इंचांचे, चंदेरी, फार देखणे. दुकानात शार्क म्हणून विकतात तो पंगास, हॉटेलांत बासा म्हणून मिळणाऱ्या माशाच्या कुळातला. तो एक मीटरच्या पुढे वाढतो. दोन फुटांच्या टाकीत तो वळूसुद्धा शकत नाही, घाबरट असल्याने काचेवर आपटून नाक फोडून घेतो. मामाने प्रेमाने आणलेले, नात हरखलेली, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी आधी बादलीत एअर स्टोन लावून त्यांची रात्रीची सोय केली. मग काकांनी मामाला वही दाखवली: साडेअकरा ग्रॅम, अडीच ग्रॅम, दोन बादल्या. मामाने स्वतःच म्हटलं की हे परत करू. कुणीतरी सुचवलं की तलावात सोडून द्या, तिथे मोकळे राहतील. हे कधीही करू नये. बाहेरचे मासे आपल्या पाण्यात सोडल्याने काय होतं ते टाक्यांसाठी परदेशातून आणलेल्या सकरमाशाने देशभरातल्या तलावांत, नद्यांत दाखवून दिलं आहे. दुसऱ्या दिवशी मामाने दोन्ही मासे दुकानात नेऊन दिले. पैसे परत मिळाले नाहीत, ते त्याने मनावर घेतलं नाही.

गणपतीला हे सगळे गुहागरला गावी जातात, आठवडाभर. घर बंद करताना मेन स्विच बंद करायची काकूंची जुनी सवय. या वेळी फिल्टर आणि एअर पंपाची लाइन चालू ठेवून बाकीची बटणं एकेक बंद केली. शेजाऱ्यांना दाणे घालायला सांगू नका, असं मी बजावलं होतं, कारण परक्या टाकीत दाणे घालणारा माणूस नेहमी जास्तच घालतो. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. जायच्या आदल्या दिवशी दोन बादल्या पाणी बदललं, बस. परत आल्यावर पंधराच्या पंधरा पुढे आले, पाणी स्वच्छ, नायट्रेट दहाच्या आसपास. आत दाणा गेलाच नव्हता, मग वाढणार कुठून?

सध्या काय चाललं आहे

दिवाळीनंतर काकांनी मला पुन्हा बोलावलं. त्यांना हनी गौरामीची एक जोडी हवी आहे. हा पण पूर्व भारतातला मासा, पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून वीज गेली तरी टिकाव धरतो. दोन्ही मिळून चार ग्रॅमच्या आत. वहीप्रमाणे जागा आहे. पण ती जागा मे महिन्यासाठी राखलेली आहे, आणि ती या जोडीला दिली तर राखीव फारसं काही उरत नाही. शिवाय डॅनिओ खाण्यावर इतके वेगाने तुटून पडतात की गौरामीला वेगळ्या कोपऱ्यात घालावं लागेल.

मुलाने रविवारची तिसरी अर्धी बादली उचलायचं कबूल केलं आहे. तसं झालं तर आठवड्याला 24 लिटर, म्हणजे निम्मं पाणी बदललं जाईल, आणि भरीच्या तिप्पट उंचीवर थांबणारं नायट्रेट दुपटीवरच थांबेल. मग जोडीला जागा सहज होते. काकांनी वहीत एक नवीन रकाना पाडला आहे, तिसऱ्या बादलीचा. सलग दोन महिने त्यात दर रविवारी खूण पडली तर जोडी आणायची, नाहीतर पंधरावरच थांबायचं, असं आमचं ठरलं आहे. आतापर्यंत पाच रविवार झाले, खुणा चार.